वायफाय बदलल्यावर घरचा कॅमेरा नव्या नेटवर्कला कसा जोडावा

ठाण्यात नौपाड्याला माझी आई राहते आणि मी खारघरला. तिच्या सेफ्टी डोअरच्या वर एक लहानसा वायफाय कॅमेरा बसवलेला आहे. दारात कोण उभे आहे हे तिला मोबाइलवर दिसते आणि मलाही इथून दिसते. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडची जुनी ब्रॉडबँडची लाइन बंद करून फायबरची नवी लाइन घेतली. लाइन टाकणारी माणसे तासाभरात काम उरकून गेली, टीव्ही लागला, मोबाइलवर वायफाय आले, आणि कॅमेऱ्याची आठवण कोणालाच राहिली नाही. चार दिवसांनी रात्री साडेनऊ वाजता मी सहज ॲप उघडले, तर आईच्या दारासमोर लख्ख दुपार दिसत होती. कॅमेऱ्याचा संपर्क तुटला की अनेक ॲप पहिल्या पडद्यावर शेवटचे टिपलेले चित्र तसेच ठेवतात, आणि त्याच्या कोपऱ्यातली तारीख-वेळ सहसा कोणी वाचत नाही. फोन केला तेव्हा आई म्हणाली, "अगं, दिवा तर लागलेला आहे की!" तेही खरेच होते, वीज होती, नेटवर्क नव्हते.

कॅमेऱ्याच्या आत वायफायचे नाव आणि पासवर्ड अशी एक नोंद साठवलेली असते. वीज मिळाली की तो त्या नावाचे नेटवर्क शोधतो, आणि ते सापडले नाही तर शोधत बसतो. घरात नवा राउटर आला आहे हे त्याला आपोआप कळण्याची काहीच सोय नाही. अशा वेळी बहुतेक लोक स्टुलावर चढून रीसेटचे बटण दाबतात आणि मग दोन तास त्याच्याशी झटत बसतात. माझा अनुभव असा, की कॅमेऱ्याला हात लावण्याआधी राउटरकडे पाहावे. अर्ध्याहून अधिक वेळा काम तिथेच संपते. रीसेट हा शेवटचा उपाय आहे आणि या लेखातही तो तसाच शेवटी येईल.

आधी राउटर

राउटरच्या सेटिंगमध्ये जाण्याचा पत्ता त्याच्या तळाशी किंवा मागे चिकटवलेल्या लेबलवर छापलेला असतो. बहुतेक राउटरना तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. जिओफायबरच्या राउटरला १९२.१६८.२९.१ हा पत्ता चालतो. मोबाइल किंवा लॅपटॉप नव्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये हा पत्ता इंग्रजी अंकांत टाकावा आणि लेबलवरचे किंवा लाइन टाकणाऱ्याने दिलेले युजरनेम व पासवर्ड वापरून आत जावे. कंपनीचे स्वतःचे ॲप असेल तर त्यातूनही यातली बरीच कामे होतात. लाइन टाकणारा माणूस घरात असतानाच हे लॉगिन त्याच्याकडून मागून घ्यावे, कारण तो एकदा जिना उतरला की त्याला पुन्हा गाठणे कठीण असते.

आत गेल्यावर पहिली गोष्ट पाहायची ती म्हणजे बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा. हल्लीचे राउटर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर चालतात, तर घरगुती कॅमेऱ्यांपैकी बहुसंख्य कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. याचे एक कारण स्वस्ताई आहे, पण दुसरे कारण समजण्यासारखे आहे: २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून तुलनेने सहज पलीकडे जातात, ५ गिगाहर्ट्झच्या लहरी लवकर क्षीण होतात, आणि कॅमेरा तर नेहमी घराच्या कडेलाच असतो, म्हणजे दाराबाहेर, गॅलरीत किंवा गाडीवर नजर ठेवणाऱ्या खिडकीत. वायफायच्या नावापुढे '५जी' असे लिहिलेले असते त्याचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही. ते ५ गिगाहर्ट्झ बँडचे नाव आहे. ते अधिक वेगवान आहे म्हणून कॅमेरा त्यालाच जोडायचा असा आग्रह धरून बसलेले गृहस्थ मी आमच्या सोसायटीतच पाहिले आहेत. कॅमेऱ्याला ते नेटवर्क दिसतच नव्हते.

अडचण खरी येते ती दोन्ही बँडना एकच नाव दिलेले असते तेव्हा. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर बसलेला असतो, कॅमेरा २.४ शोधत असतो, आणि जोडणीच्या वेळी दोघांची गाठ पडत नाही. राउटरमध्ये 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टीअरिंग' अशा नावाची सोय असेल तर ती बंद करून दोन्ही बँडना वेगळी नावे द्यावीत. काही राउटर तसे करू देत नाहीत. तिथे जोडणीपुरता ५ गिगाहर्ट्झ बँड बंद ठेवावा, कॅमेरा जोडून घ्यावा आणि मग तो पुन्हा चालू करावा. एकदा जोडलेला कॅमेरा सहसा आपल्या बँडवरच राहतो, कारण त्याला दुसरा बँड ठाऊकच नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सुरक्षेचा प्रकार, म्हणजे वायफायवरची माहिती गुप्त ठेवण्याची पद्धत. डब्ल्यूपीए३ हा प्रकार २०१८ मध्ये आला. त्याआधीचे कॅमेरे आणि त्यानंतरचेही कित्येक स्वस्त कॅमेरे डब्ल्यूपीए२ एवढेच ओळखतात. राउटरवर केवळ डब्ल्यूपीए३ निवडलेले असेल तर पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही कॅमेरा 'पासवर्ड चुकीचा' असेच सांगतो, आणि माणूस तोच पासवर्ड दहा वेळा टाकत राहतो. २.४ गिगाहर्ट्झसाठी 'डब्ल्यूपीए२ पर्सनल, एईएस' हा पर्याय निवडावा. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ यांचा मिश्र पर्याय बहुधा चालतो, पण जुन्या कॅमेऱ्याने त्यावर अडून दाखवले तर निव्वळ डब्ल्यूपीए२ ठेवावे. पासवर्डशिवायचे उघडे नेटवर्क मात्र कोणत्याही कारणाने ठेवू नये.

तिसरी गोष्ट चॅनलची, म्हणजे बँडच्या आतल्या अरुंद वाटांची. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. भारतात १३ पर्यंतचे चॅनल वापरता येतात, त्यामुळे 'ऑटो'वर ठेवलेला राउटर कधीकधी १२ किंवा १३ वर जाऊन बसतो, आणि काही कॅमेऱ्यांना ११ च्या पलीकडचे चॅनल ऐकूच येत नाहीत. काल दिसणारे नेटवर्क आज कॅमेऱ्याला दिसत नाही, असा प्रकार घडला तर हे कारण आठवावे. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये एका मजल्यावर सहा-आठ घरे आणि प्रत्येक घरात राउटर असतो. अशा ठिकाणी मोबाइलवरच्या वायफाय ॲनालायझरसारख्या ॲपने कोणत्या चॅनलवर गर्दी कमी आहे ते पाहून तिघांपैकी एक पक्का करावा आणि चॅनलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. वेग थोडा कमी होतो, पण शेजाऱ्यांशी होणारी टक्करही कमी होते. नवा राउटर वायफाय ६ चा असेल आणि जुन्या कॅमेऱ्याला तो दिसतच नसेल, तर २.४ गिगाहर्ट्झचा मोड बी-जी-एन असा, म्हणजे वायफायच्या जुन्या पिढ्यांचा, करून पाहावा.

नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत असावेत, हे सांगताना मराठीप्रेमी म्हणून मला थोडे वाईटच वाटते. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला व अनुस्वारालाही प्रत्येकी ३ बाइट लागतात. 'शांतिनिकेतन' हे इमारतीचे नाव देवनागरीत द्यायचे म्हटले तर ते ३३ बाइट होते, म्हणजे मावतच नाही. आणि जे मावते ते वाचताना कॅमेरे गोंधळतात. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. त्यात रिकामी जागा, अवतरणचिन्ह किंवा तिरकी रेघ टाळावी, पण तो लांब ठेवावा. नावात फ्लॅट क्रमांक किंवा आडनाव घालण्याची आपल्याकडे फार हौस आहे. खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला कोणत्या घरात काय आहे हे सांगण्याची गरज नाही, म्हणून तेही टाळावे.

राउटरवर नेटवर्क लपवून ठेवलेले असेल तर जोडणीपुरते ते उघड करावे. ठराविक उपकरणांनाच आत घेणारी मॅक फिल्टरची यादी चालू असेल तर तिच्यात कॅमेऱ्याचा मॅक क्रमांक, म्हणजे त्याची नेटवर्कवरची ओळख, घालावा. तो कॅमेऱ्याच्या लेबलवर असतो.

जुनेच नाव, जुनाच पासवर्ड

आता सर्वांत सोपा उपाय. नव्या राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ नेटवर्कला जुन्या राउटरचेच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा. अक्षर न् अक्षर तेच असले पाहिजे. लहान-मोठी इंग्रजी अक्षरे, अंडरस्कोर आणि शेवटी चुकून पडलेली रिकामी जागासुद्धा. सुरक्षेचा प्रकारही पूर्वीचाच ठेवावा. बदल साठवल्यावर राउटर स्वतः बंद-चालू होतो. त्यानंतर कॅमेऱ्याचा प्लग काढून अर्ध्या मिनिटाने पुन्हा लावावा. दोन-तीन मिनिटांत कॅमेरा जणू काही झालेच नाही अशा थाटात परत येतो. घरात चार कॅमेरे, एक स्मार्ट प्लग आणि एक गिझरचा टायमर असेल तर ते सगळेच एका फटक्यात परत येतात, आणि कोणालाही स्टुलावर चढावे लागत नाही. घर बदलून ठाण्याहून ऐरोलीला गेलात तरी हाच उपाय चालतो.

जुना पासवर्ड आठवत नसेल तर तो जोडलेल्या लॅपटॉपमध्ये किंवा मोबाइलच्या साठवलेल्या नेटवर्कच्या यादीत सापडू शकतो. अँड्रॉइड फोन त्याचा क्यूआर कोडही दाखवतो. या उपायाला मी एकच अपवाद करते. जुना पासवर्ड १२३४५६७८ असा असेल, किंवा गेल्या पाच वर्षांत भाडेकरू, पाहुणे आणि वायरमन अशा सर्वांना तो सांगून झालेला असेल, तर तो पुढे चालवू नये. मग पुढचा मार्ग धरावा.

जुनी लाइन तोडण्याआधी

नवी लाइन येऊन जुनी अजून चालू आहे असा एक-दोन दिवसांचा काळ बहुतेक घरांत असतो. कॅमेरा हलवण्याची खरी वेळ हीच. कॅमेरा जुन्या वायफायवर चालू असतानाच ॲपमध्ये त्याच्या सेटिंगमध्ये जावे, नेटवर्क किंवा वायफाय या सदरात नवे नाव निवडावे आणि पासवर्ड द्यावा. कॅमेरा ही माहिती घेतो, जुने नेटवर्क सोडतो आणि नव्यावर जातो. पासवर्ड चुकला तर काही कॅमेरे जुन्या नेटवर्कवर परततात आणि काही परतत नाहीत, म्हणून तो नीट वाचून, अक्षरे दिसतील असा डोळ्याचा पर्याय दाबून टाकावा. सगळ्याच ॲपमध्ये ही सोय नसते. ती आहे की नाही हे आधी पाहून ठेवावे.

जुनी लाइन तोडून झाली असेल तरी एक युक्ती उरते, आणि आईच्या घरी मी तीच वापरली. घरातल्या एका मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करायचा आणि त्याला जुन्या वायफायचे नाव व जुना पासवर्ड द्यायचा. अँड्रॉइड फोनमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ गिगाहर्ट्झ आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ निवडावी. आयफोनच्या हॉटस्पॉटला फोनचेच नाव लागते, म्हणून फोनचे नाव तात्पुरते बदलावे आणि हॉटस्पॉटच्या पानावरचा सुसंगतता वाढवण्याचा पर्याय चालू करावा, म्हणजे तो २.४ वर येतो. हा मोबाइल कॅमेऱ्याच्या जवळ ठेवला की कॅमेऱ्याला वाटते, जुने वायफाय परत आले. तो त्याला जोडला जातो. मग दुसऱ्या मोबाइलवरून ॲप उघडून वर सांगितल्याप्रमाणे नवे नेटवर्क निवडायचे. कॅमेरा तिकडे गेला की हॉटस्पॉट बंद करायचा आणि त्याचे नाव पूर्ववत करायचे. आईचा कॅमेरा दाराच्या चौकटीच्या वर साडेसात फुटांवर आहे आणि त्याचे रीसेटचे बटण भिंतीकडच्या बाजूला आहे, त्यामुळे या युक्तीने माझे स्क्रू काढणे वाचले.

रीसेट करून नव्याने जोडणे

वरचे काहीच जमले नाही तर रीसेट करावे. त्याआधी तीन कामे उरकावीत. मेमरी कार्डावरचे एखादे जपून ठेवण्यासारखे चित्रण असेल तर ते मोबाइलवर उतरवून घ्यावे. रीसेटने कार्ड सहसा पुसले जात नाही, पण नंतर काही ॲप कार्ड फॉरमॅट करायला सांगतात आणि आपण घाईत 'हो' म्हणतो. सध्याच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट काढावेत, कारण हालचालीची सूचना कोणत्या भागासाठी हवी, चित्र उलटे करायचे की नाही, हे सगळे रीसेटमध्ये जाते. आणि ॲपचे खाते कोणाच्या ईमेलवर किंवा मोबाइल नंबरवर आहे हे शोधून त्याचा पासवर्ड हाताशी ठेवावा.

या तिसऱ्या कामाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे. बऱ्याच कंपन्यांचे कॅमेरे एका खात्याशी बांधलेले असतात, आणि बटण दाबून रीसेट केल्याने वायफायची नोंद पुसली जाते, मालकीची नाही. आपल्याकडे कॅमेरा बसवायला येणारा माणूस वेळ वाचवण्यासाठी स्वतःच्याच मोबाइलवरून, स्वतःच्याच खात्यावर कॅमेरा जोडतो आणि मग आपल्याला तो 'शेअर' करून देतो. वर्षभर काही कळत नाही. वायफाय बदलले की 'हे उपकरण दुसऱ्या खात्याशी जोडलेले आहे' असा संदेश येतो, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्या घरात येणारे-जाणारे इतके दिवस आणखी एकाला दिसू शकत होते हे लक्षात येते. माझ्या एका मैत्रिणीचे नेरूळमध्ये असेच झाले. अशा वेळी त्या माणसाला फोन करून त्याच्या ॲपमधून कॅमेरा काढून टाकायला सांगावे. तो भेटत नसेल तर बिल आणि कॅमेऱ्यावरचा अनुक्रमांक घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवेकडे बंधन सोडवून मागावे. रीसेट त्यानंतर करावे.

रीसेटसाठी आणि जोडणीसाठी कॅमेरा शक्य असेल तर भिंतीवरून उतरवून राउटरपासून दोन-तीन मीटरवर आणावा. टेबलावर बसून होणारे काम स्टुलावर उभे राहून करू नये, आणि वरच्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्याशी तर मुळीच नाही. बटण कधी मागे, कधी तळाला, कधी मेमरी कार्डाच्या खाचेशेजारी असते. फिरणाऱ्या गोल कॅमेऱ्यांत भिंग हाताने वर वळवल्यावर खाली कार्डाची खाच आणि बटण दिसते. बाहेर लावायच्या कॅमेऱ्यात ते रबरी झाकणाखाली असते. कॅमेरा चालू असताना बटण ५ ते १० सेकंद दाबून धरावे, दिवा बदलेपर्यंत किंवा आवाज येईपर्यंत. टापो या ब्रँडच्या सी-२०० कॅमेऱ्यात तांबडा आणि हिरवा दिवा आलटून पालटून लुकलुकू लागला की तो जोडणीस तयार झाला असे समजावे. इतर कंपन्यांच्या दिव्यांची भाषा वेगळी असते. ती माहितीपत्रकात पाहावी. रबरी झाकण नंतर घट्ट बसवावे. ते उघडे राहिले तर जूनच्या पहिल्या आठवड्यात आतून भिंगावर वाफ धरते, आणि मग कोणत्याही वायफायचा उपयोग नसतो.

मोबाइलचीही थोडी तयारी लागते. तो नव्या राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ नेटवर्कवर असावा, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू असावे, व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारे ॲप, बंद असावे. लोकेशन कशाला, असा प्रश्न पडणे रास्त आहे. आजूबाजूची वायफाय नेटवर्क पाहण्यासाठी अँड्रॉइड ही परवानगी मागतो. आयफोनवर ॲपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी दिलेली असावी. ती एकदा नाकारली की ॲप कॅमेरा सापडत नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही.

जोडणीच्या पद्धती तीन-चार आहेत. पहिलीत ॲपमध्ये वायफायचे नाव-पासवर्ड टाकल्यावर पडद्यावर क्यूआर कोड येतो आणि तो कॅमेऱ्याच्या भिंगासमोर धरायचा असतो. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवावा, मोबाइल साधारण १५ सेंटीमीटरवर धरून सावकाश पुढे-मागे करावा, डार्क मोड बंद ठेवावा, आणि पडद्यावर ट्यूबलाइटची तिरीप पडू देऊ नये. भिंगावरची संरक्षक पट्टी काढलेली आहे ना, तेही पाहावे; नव्या कॅमेऱ्यावर ती कधीकधी वर्षभर तशीच असते. दुसऱ्या पद्धतीत कॅमेरा स्वतःचे एक तात्पुरते वायफाय सुरू करतो आणि मोबाइल त्याला जोडायचा असतो. इथे मोबाइल 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का?' असे विचारतो. त्याला होकार द्यावा आणि तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद ठेवावा, नाहीतर फोन आपल्या मनाने डेटावर उडी मारतो आणि जोडणी अर्ध्यात तुटते. तिसरी ब्लूटूथची पद्धत असते आणि ती सर्वांत कमी त्रासाची आहे. कॅमेऱ्याला लॅन केबलची खाच असेल तर मात्र मी सरळ केबल वापरते: केबलने तो राउटरला जोडायचा, ॲपमध्ये चालू झाला की त्याच्या सेटिंगमधून वायफाय निवडायचे आणि मग केबल काढायची.

प्रत्येक वेळी अडखळण्याची जागा एकच असेल, तर शेवटची चाचणी म्हणून कॅमेरा मोबाइलच्या २.४ गिगाहर्ट्झ हॉटस्पॉटला जोडून पाहावा. तिथे जोडला गेला तर दोष राउटरच्या सेटिंगमध्ये आहे आणि वरचे पहिले प्रकरण पुन्हा चाळावे. तिथेही नाही जोडला गेला तर कॅमेरा किंवा त्याचा अडॅप्टर संशयित आहे. अडॅप्टर ५, ९ आणि १२ व्होल्टचे असतात आणि पिन बऱ्याचदा सारखीच दिसते. राउटर बदलताना कॅमेऱ्याचा आणि राउटरचा अडॅप्टर एकमेकांत गेला नाही ना, हे लेबल वाचून खात्री करावी.

घरी डीव्हीआर असेल तर

डीव्हीआर किंवा एनव्हीआरला, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या डब्याला, तारेने जोडलेले चार-आठ कॅमेरे असतील तर कॅमेऱ्यांना काहीच करायचे नसते. नव्या राउटरला फक्त तो डबा जोडायचा असतो. तरीही मोबाइलवर चित्र येत नाही, याचे नेहमीचे कारण म्हणजे बसवणाऱ्याने त्या डब्याला जुन्या राउटरच्या मालिकेतला पक्का पत्ता दिलेला असतो. समजा, जुना राउटर १९२.१६८.१ ची मालिका वापरत होता आणि नवा १९२.१६८.२९ ची वापरतो. डबा जुन्याच गल्लीत उभा राहून हाका मारतो. टीव्ही आणि माउस जोडून नेटवर्कच्या पानावर डीएचसीपी चालू करावे, म्हणजे तो नव्या राउटरकडून पत्ता घेतो. मग पीटूपी किंवा क्लाउडच्या, म्हणजे घराबाहेरून चित्र पाहण्याच्या सोयीच्या, पानावर 'ऑनलाइन' असे दिसते का ते पाहावे. घराबाहेरून पाहण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट उघडून देण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यावी. अनेक इंटरनेट कंपन्या कित्येक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरत असल्यामुळे ती बऱ्याचदा चालत नाही, आणि चालली तर धोक्याची ठरते. २०१६ मध्ये मिराय या मालवेअरने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते केवळ त्यांचे कारखान्यातले पासवर्ड कोणी बदललेले नव्हते म्हणून.

कॅमेरा पुन्हा जागेवर

टेबलावर उत्तम चाललेला कॅमेरा दारावर नेल्यावर अडखळतो, कारण नव्या लाइनचा राउटर जुन्या जागी बसलेला नसतो. फायबरची तार जिथून आत आली तिथेच त्याला खिळा ठोकला जातो. सिडकोच्या जुन्या घरांत विटांच्या भिंती असतात आणि दोन भिंती ओलांडूनही काम भागते. नव्या टॉवरमधल्या मिवान पद्धतीच्या घरांत मात्र आतल्या भिंतीसुद्धा सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात, आणि एक भिंत दोन भिंतींएवढी अडवते. लोखंडी सेफ्टी डोअर, आरसा लावलेले कपाट आणि फ्रिज यांच्या मागे सिग्नल मरतो. ॲपमध्ये सिग्नलची ताकद डेसिबलमध्ये दिसत असेल तर उणे ६५ च्या आसपास चित्र सुरळीत येते, उणे ७५ च्या खाली ते अडकू लागते. राउटर दोन-तीन मीटर सरकवणे, तो टीव्हीच्या मागून काढून उंचावर ठेवणे, हे आधी करून पाहावे; सिग्नल पुढे नेणारा एक्स्टेंडर नंतर घ्यावा, आणि घेतल्यास तो कॅमेऱ्याजवळ न ठेवता राउटर आणि कॅमेरा यांच्या मध्यावर ठेवावा.

बसवून झाल्यावर मोबाइलचे वायफाय बंद करून डेटावरून चित्र पाहावे, कारण घरातल्या घरात दिसणे म्हणजे बाहेरून दिसणे नव्हे. चित्रावरची वेळ घड्याळाशी ताडून पाहावी. रीसेटनंतर टाइमझोन बदललेला असू शकतो आणि साडेपाच तासांची चूक असलेले चित्रण गरजेच्या वेळी वादाचे कारण ठरते. कार्डावर चित्रण सुरू झाले आहे का, हे अर्ध्या तासाने मागचा भाग चालवून पाहावे. सतत २ मेगाबिट प्रतिसेकंद दराने साठवणारा कॅमेरा दिवसाला सुमारे २१ जीबी लिहितो, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर जेमतेम तीन दिवस राहतात. फक्त हालचाल टिपण्याची सेटिंग रीसेटमध्ये गेली असेल तर कार्ड लवकर भरते ते यामुळेच. घरातल्या इतरांना पूर्वी दिलेले शेअर पुन्हा द्यावे लागते. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी.

मग मेन स्विच बंद करून दोन मिनिटांनी चालू करावा. लाइट जाऊन आल्यावर कॅमेरा अर्ध्या मिनिटात जागा होतो, राउटरला मात्र तीन-चार मिनिटे लागतात, आणि तोवर कंटाळून हार मानणारे काही कॅमेरे आहेत. आपला कॅमेरा स्वतःहून परत येतो की नाही, हे आपण घरी असताना कळलेले बरे. येत नसेल तर राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा, म्हणजे लाइट गेली तरी राउटर बंदच पडत नाही. पावसाळ्यात ठाण्यात आणि नवी मुंबईत लाइट किती वेळा लपंडाव खेळते हे इथल्या कोणाला सांगायला नको.

जुना राउटर कंपनीचा असेल तर तो परत न्यायला माणूस येतो. त्याच्या हाती देण्याआधी टाचणीने मागचे छिद्र दाबून तो रीसेट करावा, कारण त्यात आपल्या वायफायचे नाव आणि पासवर्ड तसेच राहिलेले असतात. नवे नाव, पासवर्ड, कॅमेऱ्याच्या खात्याचा मोबाइल नंबर आणि रीसेटचे बटण कुठे आहे ते एका कागदावर लिहून आईने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. खाली तिने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे: चित्रातली वेळ रोज बघणे.